मोठ्या बाईंचा उपवास

५ मार्च २०२५, भस्म बुधवार. अमरावती

आजपासून उपवासकाळ. आमच्या चर्चचे पाळकसाहेब गोपालराव मोबाईलवरच्या बातम्या सोडणार आहेत. त्यांच्या आशाबाई चहा सोडणार, म्हणजे ईस्टरपर्यंत त्यांचं डोकं दुखणार आणि ते आम्ही ऐकणार. मी दरवर्षी मटण सोडते आणि नंतर भरपाई करते. यंदा म्हटलं, सोडायचं तर काहीतरी अवघड सोडावं. मी अहंकार सोडणार आहे. मंडळीत आणखी कोणाला हे सुचलं नसेल.

कोणाला सांगायचं नाही, फक्त इथे लिहायचं. शाळेतून निवृत्त झाले तरी सगळे मला 'मोठ्या बाई'च म्हणतात. मी काही म्हणायला लावलेलं नाही. रविवारी प्रार्थनेच्या विनंत्या सांगायचं कामही माझ्याकडे आपोआपच आलं. उपासनेआधी लोक येऊन हळूच सांगतात, कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मुलीचं स्थळ. मी माइकवर उभी राहून एकेकाचं नाव घेऊन सांगते आणि मंडळी प्रार्थना करते. कागद घेत नाही, सगळं डोक्यात असतं. बोलणंही स्वच्छ. पुण्याला बी.एड. केलं त्याचा एवढा तरी उपयोग.

फक्त पार्बताबाईंची विनंती सांगताना जीभ अडते. त्या वलगाव रोडला भाजी विकतात. दर रविवारी एकच, "बाई, माह्या देवमनची दारू सुटली पाह्यजे." अख्ख्या मंडळीसमोर स्वतःच्या पोराची अब्रू काढायची आणि मग निवांत बसून गाणी म्हणायची! काही गोष्टी माणसाने घरात ठेवाव्यात.

जीवन बरा असावा. एकुलता एक पोरगा माझा, अकोल्याला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. जानेवारीत मी स्वतः त्याला बार्शीटाकळी रोडच्या व्यसनमुक्ती केंद्रात सोडून आले. इथे कोणाला ठाऊक नाही. विचारलं तर "कामात आहे" म्हणते. दारू सोडणं हेही कामच आहे.

९ मार्च, रविवार

नम्रतेचा पहिला दिवस छान गेला. पहिल्या बाकावरची जागा सोडून अगदी शेवटी, चपलांजवळ बसले. आशाबाई धावत आल्या, "मोठ्या बाई, तुम्ही इथे काय?" म्हटलं, इथेच बरं आहे. गोपालरावांनी उपदेशात शेवटच्या जागेचा विषय काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. पुढच्या रविवारीही तिथेच बसेन.

१२ मार्च

रऊफभाईंचा फोन. ते केंद्र चालवतात, पूर्वी स्वतःही प्यायचे, आता ते मोकळेपणाने सांगतात. मला तर ऐकूनच कानकोंडं होतं.

"म्याडम, दर शनिवारी घरच्यायची सभा असते. तुमी एकडावही नाही आल्या."

मी म्हटलं, गुडघे दुखतात. गुडघे दुखतातच. पण सतरंजीवर बसून अनोळखी लोकांसमोर 'माझा मुलगा असा आणि तसा' करत रडायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

मग जीवनला फोन दिला. आवाज बारीक झालाय. म्हणाला, "आई, रविवारी आम्हाला तासभर मोबाईल मिळतो. मी आपली उपासना बघतो. तू मागे का बसतेस आता?"

लॉकडाऊनपासून आमची उपासना यूट्यूबवर लाइव्ह असते, आशाबाईंचा फोन स्टँडवर लावलेला असतो. मागची बाकंही दिसतात म्हणजे.

"आई, विनंत्यांमध्ये माझं नाव घेशील? बाकी काही सांगू नको. नुसतं नाव घे, जीवनसाठी प्रार्थना करा म्हण. मला ऐकायचंय."

मी "हो रे बाळा" म्हटलं. त्याला काय, एवढंसं मागतो. नाव घेतलं की लोक विचारणार, काय झालं? मग काय सांगू?

१६ मार्च, रविवार

मार्ग निघाला. विनंत्यांच्या शेवटी मी म्हटलं, "अकोल्याकडचा एक तरुण अडचणीत आहे. त्याचं नाव देवाला ठाऊक आहे." सगळ्यांनी मनापासून प्रार्थना केली. पार्बताबाई तर मोठ्याने रडल्या. देवाला नाव ठाऊक असल्यावर मंडळीला कशाला हवं?

संध्याकाळी जीवनचा फोन आला. "ऐकलं, आई."

"मग? झालं समाधान?"

"हो. छान बोललीस. तू नेहमीच छान बोलतेस."

आवाजात थरथर अजिबात नव्हती. सुधारतोय म्हणजे. बरं वाटलं.

२० मार्च

घोटाळा झाला. आज आशाबाईंकडे घरसभा होती. प्रार्थना संपली, चहा आला (आशाबाईंनी नुसता वास घेतला), आणि पार्बताबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाई, बार्शीटाकळीच्या माह्या बहिनीले तुमचा जीवन दिसला म्हने. त्या दारू सोडवाच्या सेंटरात झाडायले पानी देऊन रायला होता. काहून वो?"

कप खाली ठेवेपर्यंतचा वेळ मिळाला. मी म्हटलं, "हो. तिथे सेवा करतो तो."

खोटं असं नाही. झाडांना पाणी घालणं ही सेवाच आहे. पण गोपालरावांचे डोळे भरून आले. "एवढं शिकलेलं पोर, आणि दारुड्यांत जाऊन राहिलं! बाई, तुम्ही कधी बोलला नाहीत." मी म्हटलं, उजव्या हाताचं डाव्याला कशाला सांगायचं. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

२३ मार्च, रविवार

गोपालरावांनी आज उपासनेत जीवनसाठी देवाचे आभार मानले. पूर्ण नाव घेऊन, कॅमेऱ्याकडे बघून. चांगली नोकरी सोडून व्यसनी भावांमध्ये राहणारा आपल्या मंडळीचा मुलगा, आणि त्याला असं घडवणारी आई. टाळ्या वाजल्या. मी थांबवायला हवं होतं. पण पाळकांना भर उपासनेत टोकणं बरं दिसलं असतं का? मी उभीही राहिले नाही, नुसते हात जोडले. टाळ्या मग जास्तच वाजल्या.

त्याचं नाव शेवटी मंडळीत घेतलं गेलं, हे एक झालं.

संध्याकाळी जीवनचा फोन आला नाही. तिथे फोनला रांग असते.

२६ मार्च

पार्बताबाई मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी आल्या. पैसे देऊ लागले तर हात मागे घेतला. खाली बसल्या, खुर्ची दिली तरी नाही.

"बाई, माह्या देवमनले तुमच्या जीवनजवळ धाडा न. जीवन सरचं ऐकन तो. शायेत त्याच्या मांगच्या वर्गात होता, लय मानते त्याले."

मी म्हटलं, तिथे जागा नसते, विचारून सांगते.

"इचारा, बाई. तुमचं पोरगं तिथं हाय म्हनून मले धीर आला."

मेथी केली नाही. तशीच फ्रिजमध्ये आहे.

३० मार्च, रविवार

पार्बताबाई आज चर्चला नव्हत्या. मला हायसं वाटलं, हे खरं लिहिते. आणि दुपारी रऊफभाईंचा फोन.

काल त्या माझी वाट न पाहता देवमनला घेऊन बसने केंद्रात गेल्या. फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, जीवन सरांना भेटायचंय, ते इथले मोठे साहेब आहेत. जीवन समोरच अंगण झाडत होता. तोच पुढे आला.

"म्याडम, देवमनले लय कापरं सुटलं होतं. खाट तं एकबी खाली नव्हती. जीवनभाऊ म्हने, माही खाट द्या याले. मी म्हटलं तू कुठी झोपशीन? तं म्हने, पाहून घेतो. सकाळी फाटक उघडलं तं गेला. आमी जबरदस्तीनं नाही ठेवत कोनाले. मोबाईल बी इथंच टाकून गेला."

मी विचारलं, पार्बताबाईंना कळलं का तो तिथे कोण म्हणून आहे ते? रऊफभाई म्हणाले, "म्याडम, तुमचं पोरगं निंगून गेलं. मी ते सांगून रायलो तुमाले."

मी आधी ते विचारलं. मी, त्याची आई.

२ एप्रिल

अकोला. त्याची जुनी खोली, क्लास, स्टेशन, बसस्टँड. ऊन असं की डोळे उघडवेना. माझ्याकडे त्याचा एकच फोटो निघाला, एम.एस्सी.च्या पदवीदानाचा, काळा झगा घातलेला. तोच दाखवत फिरले. "हे सर कुठे दिसले का?" लोक फोटोकडे पाहायचे, माझ्याकडे पाहायचे. असा झगेवाला माणूस बसस्टँडवर कोणाला दिसणार?

स्टँडबाहेर नगमा नावाची एक फळवाली आहे. तिने मला पाटीमागे सावलीत बसवलं, संत्रं सोलून हातात दिलं. "अम्मा, ये कौन लगते तुम्हारे?"

मी म्हटलं, "ओळखीचे आहेत."

परतीच्या बसमध्ये बसले, मूर्तिजापूर मागे पडलं, तेव्हा मला कळलं मी काय बोलले ते. परक्या गावात, परक्या बाईसमोर! तिथे कोण होतं माझं नाव घालवायला? उतरून परत जावं असं वाटलं. उतरले नाही. आज अंगाला घाण चिकटल्यासारखं वाटतंय, दोनदा आंघोळ केली.

६ एप्रिल, रविवार

आज सांगायचंच असं ठरवून गेले. विनंत्या संपल्यावर माइक सोडला नाही. म्हटलं, "मंडळीहो, मी आज देवासमोर उघडी होते. मी अपात्र आई आहे. मी पापिणी आहे. माझ्या मुलाच्या बाबतीत मी कमी पडले, अभिमानाने आंधळी झाले." रडू आलं, ते खरं होतं. आणि सगळीकडून "आमेन, आमेन" सुरू झालं. बाया डोळे पुसत होत्या. आमच्याकडे दर रविवारी कोणी ना कोणी उभं राहून पापी आणि अपात्र म्हणतंच. सगळे मनाने फार चांगले आहेत असंच त्यावरून ठरतं.

बाहेर गोपालरावांनी दोन्ही हात धरले. "बाई, एवढा मोठा मुलगा घडवून तुम्ही स्वतःला अपात्र म्हणता! पुढच्या रविवारी नम्रतेवरचा उपदेश तुम्हीच करा. माझी लायकी नाही."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. क्षणभर छान वाटलं. पोरगं कुठे पडलंय ठाऊक नाही आणि मला छान वाटलं. देवा, हे माझ्यातून कधी जाणार?

१० एप्रिल

दारात पार्बताबाई. म्हटलं आली हिशेब चुकता करायला. "बाई, जेवल्या का?" म्हणाल्या, आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन पिठलं टाकलं. मी बसून होते. माझ्या घरात, माझ्या गॅसवर.

ताट पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "मी कोनाले काही सांगतलं नाही, बाई. ते तुमचं हाय. तुमीच सांगान."

मला संताप आला. मला झाकून घेणारी ही कोण? शिव्या दिल्या असत्या, चारचौघांत तोंडावर फेकलं असतं, तर मी मान वर करून उभी राहिले असते. हे पिठलं कसं गिळायचं? त्या समोर बसून राहिल्या म्हणून खाल्लं. निघताना म्हणाल्या, "मी रोज नाव घेतो त्याचं. देवमनच्या आंधी घेतो."

त्या गेल्यावर मी भिंतीला डोकं लावून रडले. छान वाक्य एकही सुचलं नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

लिहिलेला उपदेश घरीच ठेवला. मुलं झावळ्या हलवत आली, गाणी झाली, मग गोपालरावांनी माझं नाव पुकारलं, कौतुकाची दोन-चार विशेषणं लावून.

मी माझ्या आईच्या भाषेत बोलले. किती वर्षांनी. म्हटलं, "माहा जीवन दारू पेते. तो सेंटरात सेवा कराले नव्हता गेला, मीनच भरती केलं होतं त्याले. तुमाले खोटं सांगतलं. त्यानं मले म्हटलं होतं, माह्यं नाव घे. मी नाही घेतलं, मले लाज वाटली. आता तो कुठी हाय मले माईत नाही. जिता हाय का, ते बी माईत नाही. कोनाले दिसला तं सांगा."

कोणी आमेन म्हटलं नाही. पंखे फिरत होते तेवढेच. आणि हेही लिहिते, कारण इथे नाही तर कुठे लिहू. बोलत असताना मनाच्या एका कोपऱ्यात मी ऐकत होते, सभा किती शांत आहे, किती परिणाम होतोय. तेव्हाही! ते सोडायला निघालेली मी. मला वाटतं मी मेल्यावरही माझ्या अंत्यविधीला कोण कोण आलं ते मोजत बसेन.

खाली येऊन कुठे बसावं कळेना. पार्बताबाई सरकल्या आणि मी बसले.

नंतर काही जणांनी हात धरला, काही जण घाईने चपला शोधू लागले. मला त्यांचा राग नाही. एकच आशा होती. कुठल्या तरी हॉटेलात, कोणाचा मोबाईल मागून, जीवनने पाहिलं असेल. रविवारी तो पाहतोच. आशाबाई जवळ आल्या, पाठीवर हात फिरवला, हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, काळजी करू नका. बाहेर काही गेलं नाही. तुम्ही बोलायला लागलात तेव्हाच मी लाइव्ह बंद केलं."

चांगल्या मनाने केलं तिने. मीही तिच्या जागी तेच केलं असतं.

१६ एप्रिल

अकोल्याला पुन्हा जाऊन आले. या वेळी झगेवाला फोटो नेला नाही. नगमाजवळ गेले आणि सांगितलं, माझा मुलगा आहे, दारू पितो, उंच आहे, डाव्या भुवईवर खूण आहे. चहावाल्यांना सांगितलं, हमालांना, पोलीस चौकीत सांगितलं. आता सांगायला काहीच वाटत नाही. मंडळीतल्या पन्नास माणसांपुढे जे ओठांवर येत नव्हतं ते अख्ख्या अकोल्याला सांगून झालं. कोणाला दिसलेला नाही.

विनंत्या आता आशाबाई सांगतील. गोपालराव म्हणाले, थोडा आराम करा. बरोबरच आहे.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

चर्चमध्ये तीन तासांच्या उपासनेला बसले. प्रार्थना आली नाही. हात जोडले की वाक्यं तयार होतात, एकापेक्षा एक सरस, आणि ती नको वाटतात. त्याशिवाय मला काही येतच नाही. देव ऐकतोय असंही वाटलं नाही. नुसतं ऊन होतं.

१९ एप्रिल, शनिवार. रात्री नाही, दुपारीच लिहिते आहे, परतीच्या बसमध्ये

केंद्रातल्या सभेला गेले. पार्बताबाईंना पहिल्यांदाच देवमनला भेटायची परवानगी मिळाली होती, त्यांच्यासोबत. सतरंजीवर बसले. प्रत्येकाने सांगायचं असतं, आपण कोणासाठी आलो. एक म्हातारे गृहस्थ जावयासाठी रडले, एक पोर बापासाठी. माझी पाळी आली. म्हटलं, "मी जीवनसाठी आले. तो इथे नाही." रऊफभाई म्हणाले, "असू द्या. बसा, म्याडम." तो इथे होता तेव्हा मी या सभेला आले असते तर, हे त्यांनी म्हटलं नाही. मीच म्हटलं, मनात.

सभा संपल्यावर देवमन जवळ आला. गाल भरलेत, डोळे स्वच्छ. त्याला पाहून आनंद व्हायला हवा होता. मला फक्त त्याच्या मागची खाट दिसत होती, खिडकीजवळची.

"मोठ्या बाई, त्या दिवशी मी लय कापत होतो. सर माह्याजवळ बसून होते. मी म्हटलं, सर, चर्चमंदी तं तुमाले लय मोठं म्हनतेत. तं हासले. म्हने, देवमन, मायच्या चर्चमंदला जीवन लय चांगला हाय. मी तसा होऊ नाही शकत. मी गेलो तं तो तरी तसाच राहीन तिथं. माय खूश राहीन."

मी त्याचे दोन्ही हात धरले. म्हटलं, देवमन, मी सांगितलं रे सगळ्यांना. चर्चमध्ये उभी राहून सांगितलं, नाव घेऊन सांगितलं. तो दुसरा जीवन आता तिथे नाही. मला तो नको आहे. मला हाच पाहिजे, पिणारा, कसाही.

देवमनने मान हलवली. मग फाटकाकडे, बाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"पन बाई," तो म्हणाला, "हे त्याले कोन सांगन?"